आजी-आजोबांसह अंदमान : तीन पिढ्यांच्या सागरसहलीची पूर्वतयारी

मराठी घरांत अंदमानचे नाव प्रथम कानावर येते ते काळ्या पाण्याच्या शिक्षेच्या संदर्भात. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे 'माझी जन्मठेप' वाचून वाढलेल्या पिढीसाठी ही बेटे म्हणजे एक तीर्थस्थान. त्यांच्या मुलांसाठी ती नोकरीच्या धकाधकीतून मिळणारी आठवडाभराची विश्रांती, तर नातवंडांसाठी निळेशार पाणी, पांढरी वाळू आणि काचेच्या तळाच्या बोटीतून दिसणारे रंगीत मासे. एकाच ठिकाणाची ओढ तीन पिढ्यांना तीन निरनिराळ्या कारणांनी वाटावी, असा योग विरळाच. आजी-आजोबा, मुले-सुना, लेकी-जावई आणि नातवंडे अशा संपूर्ण कुटुंबाच्या सहलीसाठी अंदमानची निवड होते, ती यामुळेच.

मात्र अशा सहलींचा अनुभव सदैव सुखाचा असतो असे नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत स्थळामागून स्थळे दाखविणारे सहलीचे वेळापत्रक तिशी-चाळिशीतील धडधाकट माणसाला मानवते; सत्तरीच्या आजोबांना किंवा चार वर्षांच्या नातीला ते झेपत नाही. परिणामी तिसऱ्या दिवसापासून आजी खोलीत थांबते, आजोबा तिच्या सोबतीला थांबतात आणि एकत्र म्हणून निघालेले कुटुंब दोन गटांत विभागले जाते. अनेक वृद्धांच्या आयुष्यातील हा असा एकमेव लांबचा प्रवास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीची किंमत कळते. सर्वांत मंद पावलाच्या माणसाची चाल आणि समुद्राचे घड्याळ या दोन गोष्टी धरून आखलेली सहलच तीनही पिढ्यांची होते. प्रस्तुत लेखातील माहिती याच दृष्टीने संकलित केली आहे.

बेटे आणि त्यांची बदललेली नावे

बंगालच्या उपसागरात उत्तर-दक्षिण पसरलेल्या अंदमान आणि निकोबार या द्वीपसमूहांत लहानमोठी शेकडो बेटे असली, तरी मनुष्यवस्ती अवघ्या तीसेक बेटांवर आहे. केंद्रशासित प्रदेशाचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ८,२४९ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या आसपास होती. चेन्नईपासून सागरी अंतर जवळजवळ १,२०० किलोमीटर भरते. चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम येथून प्रवासी जहाजे जातात; परंतु तो प्रवास काही दिवसांचा असल्याने वृद्ध आणि बालके सोबत असताना विमानच श्रेयस्कर. भारतीय नागरिकांना अंदमानातील नेहमीच्या पर्यटनस्थळांसाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबार बेटे व आदिवासींसाठी राखीव असलेले प्रदेश मात्र पर्यटकांना खुले नाहीत.

जुनी प्रवासवर्णने वाचून जाणाऱ्यांनी नावांतील बदल ध्यानात ठेवावेत. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकविला होता. त्या घटनेच्या पंचाहत्तराव्या वर्षदिनी, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ रोजी, हॅवलॉक बेटाचे 'स्वराज द्वीप', नीलचे 'शहीद द्वीप' आणि रॉसचे 'नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप' असे नामांतर झाले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला 'श्री विजयपुरम' हे नाव देण्यात आले. बोलण्यात दोन्ही नावे ऐकू येतात. त्यामुळे तिकिटावर एक नाव आणि रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरे, असे झाल्यास गोंधळून जाऊ नये. विमानतळास स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव आहे.

कोणत्या दिवसांत जावे

नैऋत्य मोसमी पाऊस भारतीय भूमीवर सर्वप्रथम पोहोचतो तो याच बेटांवर, साधारणतः मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो आणि त्यानंतर परतीच्या पावसाच्या सरी येत राहतात. त्यामुळे महाराष्ट्रातील शाळांच्या मे महिन्याच्या सुटीचा उत्तरार्ध येथे अडचणीचा ठरतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यातही फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत समुद्र बहुधा शांत आणि पाणी स्वच्छ असते. नाताळच्या सुटीत गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. एका मजल्यावर शेजारशेजारच्या तीन-चार खोल्या हव्या असलेल्या कुटुंबाने आरक्षण काही महिने आधीच करणे इष्ट.

या बेटांची आणखी एक विशेषता म्हणजे येथील दिवस. अंदमान भारताच्या पूर्व टोकाला असूनही घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचेच. साहजिकच डिसेंबरात पहाटे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतो. मुंबईकरांच्या सवयीप्रमाणे दुपारचा चहा घेऊन पाच वाजता किनाऱ्यावर निघालेल्यांच्या वाट्याला काळोख येतो. याउलट सकाळी सहा ते नऊ हा काळ उन्हाच्या आणि गर्दीच्या दृष्टीने उत्तम असतो. लवकर उठण्याची सवय घरातील दोघांनाच असते, आजी-आजोबांना आणि लहान मुलांना. मधल्या पिढीला झोपू द्यावे आणि या दोन पिढ्यांनी पहाटेच्या पुळणीवर एकत्र फिरावे, अशी सोय येथे सूर्यानेच करून ठेवली आहे.

भरती-ओहोटीचे गणित

अंदमानची सहल आखताना हॉटेलच्या खोलीइतकेच महत्त्व भरती-ओहोटीच्या वेळापत्रकास द्यावयास हवे. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते व भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, हा कोकणवासीयांना ठाऊक असलेला नियम येथेही लागू पडतो. मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची कोकणातील रीत येथे उपयोगाची नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. येथील वेळा स्थानिक तक्त्यावरून किंवा हॉटेलात विचारूनच निश्चित कराव्यात.

मुंबईस उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत साडेचार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो. अंदमानात तो दोन मीटरच्या आसपास असतो. तरीही परिणाम ठळक दिसतो. स्वराज द्वीपाच्या पूर्वेकडील किनारे इतके सपाट आहेत की, ओहोटीला पाणी दूरवर मागे जाते आणि खडक, चिखल व मृत प्रवाळ उघडे पडतात. सकाळी जेथे मुले डुंबली, तेथे दुपारी अनवाणी चालणेही कठीण होते. ओहोटीच्या वेळी उथळ डबक्यांतील खेकडे, शंख-शिंपले आणि तारामासे पाहावेत व भरतीच्या वेळी स्नान करावे, असे दिवसाचे दोन भाग पाडल्यास निराशा टळते.

पहिला मुक्काम : सेल्युलर जेल

श्री विजयपुरम येथे पोहोचल्यावर लगेच पुढच्या बोटीने स्वराज द्वीप गाठण्याचा मोह होतो. तो टाळून पहिले दोन दिवस येथेच काढणे तीनही पिढ्यांच्या हिताचे असते. रात्रीची जागरणे आणि विमान बदलण्याची दगदग यानंतर वृद्धांना एक संपूर्ण रात्र विश्रांती मिळते आणि सेल्युलर जेल निवांतपणे पाहता येतो.

इ. स. १८९६ मध्ये बांधकाम सुरू होऊन १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाला मूळच्या सात भुजा होत्या. मध्यवर्ती मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या या भुजांची रचना अशी होती की, एका भुजेतील कोठड्यांची दारे दुसऱ्या भुजेच्या पाठीकडे उघडत. त्यामुळे बंदिवानाला समोर दुसऱ्या बंदिवानाचा चेहरा दिसत नसे. आता तीन भुजा शिल्लक आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून राष्ट्राला अर्पण करण्यात आली. पन्नास वर्षांच्या दुहेरी जन्मठेपेची शिक्षा झालेले विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी येथे आणले गेले. त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव त्याआधीपासून याच तुरुंगात होते. परंतु दीर्घ काळ दोघा भावांची भेट होऊ शकली नाही. १९२१ साली दोघांनाही अंदमानातून हलविण्यात आले.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्याच्या टोकाशी आहे. तेथवर जाण्यासाठी जिने चढावे लागतात आणि लांब व्हरांडा चालावा लागतो. गुडघेदुखी असलेल्यांनी सकाळी उघडण्याच्या वेळी जाऊन, प्रत्येक मजल्यावर थांबत हे अंतर कापावे. आजोबांनी वर जायचे आणि इतरांनी खाली थांबायचे, असे मात्र करू नये. हे स्थान पाहण्याची ज्यांची आयुष्यभराची इच्छा आहे, त्यांच्याबरोबर नातवंडांनी तेथे असणे हेच या प्रवासाचे सार्थक होय. लहान मुलांना तारखा आणि कलमे सांगण्यात अर्थ नाही. तेल गाळण्याचा कोलू, हाताला लागू नये अशा रीतीने भिंतीत दूर बसविलेली कोठडीची कडी आणि उंचावरील एकुलता एक झरोका या तीन वस्तू त्यांना दाखवाव्यात. पुढचे प्रश्न ती स्वतःच विचारतात आणि उत्तरे देण्यास आजोबांसारखा मार्गदर्शक नाही. सायंकाळी होणारा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम बसून पाहता येत असल्याने वृद्धांना सोयीचा असतो. फार लहान मुले मात्र तेथे कंटाळतात. त्यांच्यासोबत कोणी बाहेर थांबायचे, हे आधीच ठरवावे.

समोरच असलेल्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर बोटीने थोड्या वेळात पोहोचता येते. ब्रिटिशांचे हे जुने मुख्यालय १९४१ च्या भूकंपानंतर ओस पडले. वडाच्या मुळांनी कवटाळलेले चर्च आणि इतर इमारतींचे अवशेष पाहण्यासारखे आहेत. आवारात फिरणारी हरणे आणि मोर मुलांना रमवितात.

बोटीचा प्रवास

श्री विजयपुरमहून स्वराज द्वीपाला जाण्यास बोटीच्या वेगानुसार दीड ते अडीच तास लागतात. शासकीय बोटी स्वस्त, परंतु त्यांची तिकिटे मिळणे अवघड. खासगी जलद बोटी महाग असल्या तरी त्यांत वातानुकूलित कक्ष असतो. तिकिटे नावानिशी दिली जातात. त्यामुळे लहान मुलांसह प्रत्येकाचे ओळखपत्र हाताशी असावे.

बोट लागण्याचा त्रास होणाऱ्यांनी मध्यभागी, खालच्या बाजूच्या आसनावर बसावे, दूरच्या क्षितिजाकडे पाहावे आणि निघण्यापूर्वी जड आहार टाळावा. मळमळीवरील गोळी प्रवासापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावयाची असते. परंतु या गोळ्यांनी गुंगी येते, तोल जातो आणि प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा विकार असलेल्यांना त्यातील काही गोळ्या बाधतात. म्हणून घरातील ज्येष्ठांसाठी गोळीची निवड निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. बोटीत चढता-उतरताना धक्का आणि बोट यांच्यामधील अंतर लाटेबरोबर कमी-जास्त होत असते. वृद्धांचे हात मोकळे ठेवावेत, सामान दुसऱ्याने घ्यावे आणि चढण्याची घाई करू नये.

हवामान बिघडल्यास बोटी रद्द होतात. परतीच्या विमानाच्या दिवशीच सकाळी बेटावरून निघण्याचा बेत धोक्याचा ठरतो, तो यामुळे. विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम श्री विजयपुरम येथेच असावा, हा नियम कोणत्याही सवलतीच्या मोहाने मोडू नये.

स्वराज द्वीप : एक किनारा, तीन जागा

स्वराज द्वीपावरील किनारे क्रमांकाने ओळखले जातात. पूर्वेकडील तीन आणि पाच क्रमांकांच्या किनाऱ्यांवर म्हणजे गोविंदनगर व विजयनगर परिसरात राहण्याची सोय मुबलक आहे. सात क्रमांकाचा किनारा म्हणजे सुप्रसिद्ध राधानगर. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली आशियातील सर्वोत्कृष्ट किनारा म्हणून त्याचा गौरव केला आणि २०२० साली त्याला 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन प्राप्त झाले.

सुमारे दोन किलोमीटर लांबीची, पश्चिमाभिमुख अशी ही पुळण तीन पिढ्यांच्या कुटुंबाला विशेष अनुकूल आहे. किनाऱ्यालगतच उंच वृक्षांची गर्द राई असल्याने आजी-आजोबांना सावलीत बसून समुद्र आणि नातवंडे दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात पाहता येतात. पाण्याच्या कडेच्या ओल्या वाळूत मुलांचे किल्ले उभे राहतात आणि त्यापलीकडे पोहणाऱ्यांसाठी लाटा असतात. तिघांच्या जागा वेगळ्या, तरी कुणी कुणापासून दूर नाही. सूर्यास्त पाहावयाचा असल्यास दुपारी साडेतीनपर्यंत तेथे पोहोचावे आणि परतीचे वाहन आधीच ठरवून ठेवावे. सूर्योदयासाठी पूर्वेकडील काळापत्थर किनारा प्रसिद्ध आहे.

एलिफंट बीच येथे प्रवाळ पाहण्यासाठी बोटीने जातात. जंगलातून पायवाटही आहे. पण चिखल व मुळे यांमुळे ती वृद्धांसाठी नव्हे. येथील जलक्रीडा तरुणांना आकर्षित करतात. त्या दिवशी आजी-आजोबांना निवासस्थानी विश्रांती घेण्याची मोकळीक द्यावी. मात्र विश्रांती याचा अर्थ धाकट्या नातवाला सांभाळणे असा होऊ नये. वृद्धांना सहलीला नेणे आणि मुले सांभाळण्यासाठी माणसे नेणे यांत अंतर आहे. ते पाळले न गेल्यास आजी काही बोलत नाही, पण पुढच्या सहलीस येण्याचे टाळते.

शहीद द्वीप : निवांतपणाचे बेट

स्वराज द्वीपापासून साधारण तासाभराच्या बोटप्रवासावर असलेले शहीद द्वीप आकाराने लहान, सपाट आणि शांत आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची येथे वसाहत झाली. बेट शेतीप्रधान असून भाजीपाल्यासाठी ओळखले जाते. भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी येथील ठिकाणांची रामायणातील नावे ऐकून आजींना परक्या ठिकाणी आल्यासारखे वाटत नाही.

धक्क्याजवळच असलेला भरतपूर किनारा उथळ असून तेथे काचेच्या तळाच्या बोटी मिळतात. पोहता न येणाऱ्या वृद्धांना आणि बालकांना प्रवाळसृष्टी दाखविण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या बाजूस असलेला नैसर्गिक दगडी पूल केवळ ओहोटीच्या वेळीच जवळून पाहता येतो. त्याकडे जाणारी वाट शेवाळलेल्या, टोकदार खडकांवरून आहे. हाड मोडल्यास येथून रुग्णालयापर्यंतचा प्रवास समुद्रातून करावा लागतो, याचा विचार करून ज्येष्ठांनी तो पूल छायाचित्रातच पाहणे शहाणपणाचे.

पाण्यातील दक्षता

किनाऱ्यावरील जीवरक्षक आणि निशाणे यांच्या सूचना हाच पहिला नियम. लाटांबरोबर आलेले पाणी परत जाताना काही ठिकाणी एकवटते आणि वेगाने समुद्रात खेचले जाते. जेथे दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मध्येच पाणी शांत दिसते, ती जागा पोहण्यास सुरक्षित वाटते; प्रत्यक्षात तीच अशा प्रवाहाची असू शकते. त्यात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे. ते न जमल्यास तरंगत राहून हात वर करून मदत मागावी.

बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ते निःशब्दपणे पाण्याखाली जाते. मोठ्या कुटुंबात धोका असतो तो नेमका येथेच, कारण दहा माणसे आसपास असली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष आहे. यावर उपाय एकच. एका वेळी एका प्रौढ व्यक्तीने, भ्रमणध्वनी बाजूला ठेवून, मुलांवर लक्ष ठेवावे आणि अर्ध्या तासाने ती जबाबदारी स्पष्ट शब्दांत दुसऱ्याकडे सोपवावी.

अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर आहे. २०१० साली स्वराज द्वीपावर राधानगरनजीक एका विदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाड्या, कांदळवने आणि ओढ्यांची मुखे यांच्या जवळ तसेच सूचनाफलक असलेल्या ठिकाणी पाण्यात उतरू नये. काळोख पडल्यावर तर कोठेही नाही. प्रवाळ व काटेरी मासे यांपासून बचावासाठी पाण्यात रबरी जोडे घालावेत. माशाचा काटा रुतल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे.

श्वासनळी लावून पाण्यावर तरंगणे हा प्रकार सोपा दिसत असला, तरी हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांना तो घातक ठरू शकतो. स्कूबासाठी प्रशिक्षणसंस्था साधारणतः किमान दहा वर्षे वयाची अट घालतात आणि प्रकृतीविषयीचा अर्ज भरून घेतात. बेत रद्द होईल या भीतीने त्यात दमा वा रक्तदाब लपवू नये. स्कूबानंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा.

प्रकृती आणि औषधे

बेटांवरील प्रमुख रुग्णालय श्री विजयपुरम येथील गोविंद वल्लभ पंत रुग्णालय होय. सेल्युलर जेलच्याच आवारात ते उभे आहे. लहान बेटांवर प्राथमिक स्वरूपाचीच वैद्यकीय सोय असते. म्हणून नेहमीची औषधे मुक्कामापेक्षा चार-पाच दिवस अधिक पुरतील इतकी घ्यावीत, ती विमानात हातातील पिशवीत ठेवावीत आणि औषधचिठ्ठीची प्रत सोबत ठेवावी. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये.

वयपरत्वे तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी दमट उकाड्यात झपाट्याने कमी होते. 'तहान नाही' या उत्तरावर न थांबता शहाळे, ताक वा पाणी ठराविक वेळाने पुढे करावे. ज्यांच्या पाण्यावर डॉक्टरांनीच मर्यादा घातली आहे, त्यांनी प्रमाण विचारून घ्यावे. मधुमेहींच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते. तापलेली वाळू किंवा प्रवाळाचा तुकडा लागल्याचे त्यांना कळतही नाही आणि छोटी जखम चिघळते. त्यांनी वाळूवरही अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळपाय पाहून घ्यावेत. पाण्यात उतरण्यापूर्वी कवळी, श्रवणयंत्र आणि चष्मा काढून एकाच पिशवीत ठेवावेत. पहाटे व सायंकाळी किनाऱ्यावर बारीक माश्या चावतात. त्यासाठी अंगभर सुती कपडे आणि प्रतिबंधक मलम हवे. चावलेली जागा खाजवू नये.

आहारात मासे मुबलक, शाकाहारही सहज मिळतो. तरीही उपवास, पथ्य आणि मुलांच्या आवडी यांसाठी लाडू, चिवडा, मेतकूट असा शिधा घरूनच नेलेला बरा.

जे टाळावे, जे आणू नये

प्रवाळास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मृत प्रवाळाचा तुकडाही उचलून नेणे गुन्हा ठरतो आणि विमानतळावरील तपासणीत तो सापडतो. शंख-शिंपले नातवंडांनी गोळा करावेत, आजोबांना दाखवावेत आणि निघताना वाळूतच ठेवून द्यावेत.

बाराटांग येथील चुनखडीच्या गुहा पाहण्याचा आग्रह सहल कंपन्या धरतात. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव प्रदेशातून जातो. वाहने ताफ्याने सोडली जातात. तेथे थांबणे, छायाचित्रे घेणे, खाद्यपदार्थ देणे यांस १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमान्वये बंदी आहे. मध्यरात्रीनंतर निघून दिवसभर चालणारा हा प्रवास वृद्धांच्या कंबरेला सोसवत नाही, हे एक कारण झाले. माणसे पाहण्यासाठी माणसांच्या घरातून गाडी नेऊ नये, हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे. नातवंडांना ते सांगण्याची ही संधीही आहे.

आठ दिवसांची आखणी

पहिला दिवस आगमन व विश्रांती. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्युलर जेल, दुपारी झोप, सायंकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रम. तिसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीप. चौथ्या दिवशी पूर्वेकडील किनाऱ्यावर सकाळ आणि राधानगरला सूर्यास्त. पाचवा दिवस पूर्णतः मोकळा. तरुणांनी एलिफंट बीच गाठावा, इतरांनी मनास येईल तसे करावे. सहाव्या दिवशी शहीद द्वीप व तेथेच मुक्काम. सातव्या दिवशी श्री विजयपुरम येथे परत, वेळ उरल्यास नेताजी द्वीप. आठव्या दिवशी विमान. दररोज एकच मुख्य कार्यक्रम, दुपारी अकरा ते तीन सावलीत आणि मधला एक दिवस रिकामा, ही या आखणीची तीन सूत्रे होत. तळमजल्यावरील खोल्या, स्नानगृहात पाश्चात्य पद्धतीची सोय आणि आधाराला कठडा यांची खातरजमा आरक्षणाच्या वेळीच करावी. खर्च कोणी किती करायचा, हेही निघण्यापूर्वी मोकळेपणाने ठरवावे. बेटावर पोहोचल्यावर तो विषय निघाला की समुद्राची मजा जाते.

एखादे स्थळ पाहावयाचे राहून गेले, तर त्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. नातवाला पुढे स्वतःच्या बळावर अंदमानला अनेकदा जाता येईल. आजोबांचा हात धरून सेल्युलर जेलच्या पायऱ्या चढणे आणि त्याच आठवड्यात त्यांच्यासोबत गुडघाभर पाण्यात उभे राहणे मात्र त्याला एकदाच मिळेल. आखणी करताना प्रथम जागा द्यावयाची ती या दोन गोष्टींना.